पेटी, पखवाज आणि पन्नास वॉट

पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक चढायला लागते तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. देवळासमोरच्या मांडवात एक लाकडी बाक ठेवलेला असतो. दशावताराचं नेपथ्य म्हणाल तर तेवढंच. तोच बाक पुढे इंद्राचं सिंहासन होणार, कैलास होणार आणि वनवासातली शिळाही होणार. बाजूला पायपेटीवाला एका पायानं भाता हलवत काळी एकचा षड्ज धरून बसलेला असतो. पखवाजवाला ओल्या कणकेचा गोळा अंगठ्यानं दाबत दाबत पुडीवर गोल पसरतो, थाप मारतो, मान तिरकी करून ऐकतो, चिमूटभर कणीक काढून टाकतो आणि पुन्हा थाप मारतो. हे चांगली दहा मिनिटं चालतं. मांडवातल्या पोरांना त्याचं काही नसतं, त्यांचं लक्ष खाजाच्या दुकानाकडे. पण म्हातारी माणसं गप्प होतात. डावीचा आवाज पोटात शिरला की एखादा म्हातारा हलकेच मान डोलावतो, आणि आता गणपतीचं सोंग यायला हरकत नाही हे सगळ्यांना कळतं.

ही दहा मिनिटं मी रेडिओवर कधीच ऐकली नाहीत. रेडिओवर वाद्य लागलेलंच येतं. ते लागतं कसं, कोण लावतं आणि ते लागलं हे कोण ठरवतं, हा भाग स्टुडिओच्या दाराबाहेर राहतो. मालवणच्या किनाऱ्यावरचं लोकसंगीत आणि रेडिओ यांच्याबद्दल लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी ही कणीक आठवली. आमच्याकडचं गाणं कधी एकट्याचं नसतं. समोरून कोणीतरी मान डोलवावी लागते, हुंकार द्यावा लागतो, नाहीतर उलट जबाब तरी द्यावा लागतो. असं गाणं हवेतून पाठवायचं तर रेडिओलाही ऐकण्याची सवय हवी.

आमच्या ओटीवरच्या फळीवर चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर असायचा. सकाळी रत्नागिरी, दुपारी पणजी, रात्री हवामान बरं असेल तर मुंबई. पणजीची कोकणी आजीला शेजारणीसारखी वाटायची, कारण तिच्या मालवणीला ती जवळची. मुंबईचं मराठी ती आदरानं ऐकायची. बातम्या संपल्या की मच्छीमारांसाठी इशारा यायचा आणि त्या मिनिटाभरापुरतं घर शांत व्हायचं, शेजारच्या घरातले सगळे समुद्रावर असायचे म्हणून. रेडिओवर आमचा जीव होता. पण त्याचं आमच्याशी बोलणं एकतर्फीच. आमच्या जत्रेतल्या पखवाजवाल्याची थाप त्या पिशवीतून यावी असं कोणाच्या मनातही आलं नाही.

याला जुनं कारण आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर, म्हणजे तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओवर, हार्मोनियमला बंदी होती. पेटीचे सूर जागच्या जागी ठोकलेले, तिच्यातून मींड निघत नाही, आपल्या श्रुती तिला पेलत नाहीत, असा आक्षेप होता. पेटी परदेशातून आलेली, हेही बोललं जायचं. शास्त्रीय गायकीच्या अंगानं त्या आक्षेपात तथ्य होतं आणि मोठमोठी माणसं त्या बाजूनं होती. १९७१ साली बंदी सैल झाली, तीही साथीपुरती. तीस वर्षांहून अधिक काळ देशाच्या रेडिओवर पेटी वाजत नव्हती. त्याच तीस वर्षांत मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या तालुक्यांत पेटीशिवाय पान हलत नव्हतं. दशावतारातला राजा प्रवेशाचं पद पेटीवर म्हणायचा, भजनातले बुवा पेटी पुढ्यात घेऊनच बसायचे, गणपतीत वाडीवाडीत पेटी डोक्यावरून फिरायची. म्हणजे देशाचा रेडिओ आणि आमचं गाणं एकमेकांना भेटू नयेत अशी व्यवस्था कागदावरच झालेली होती. कोणी कोकणाचा द्वेष म्हणून हे केलं नव्हतं. दिल्लीत निर्णय घेणाऱ्यांच्या कानासमोर मैफल होती, दशावतार नव्हता.

माणसं मात्र इकडून तिकडे गेली. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेले कवी चिं. त्र्यं. खानोलकर काही काळ मुंबई आकाशवाणीत होते. वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगांवकरही तिथे होते. या मातीतला शब्द रेडिओला नोकरीला लागला, ताल मात्र गावीच राहिला.

तो ताल काय आहे हे जरा जवळून पाहायला हवं.

गाऱ्हाण्यापासून सुरुवात करतो. देवळात, घरच्या कार्यात, नवी होडी पाण्यात लोटताना, भात कापायच्या आधी मानकरी नाहीतर गावकार उभा राहतो, हात जोडतो आणि देवाला हाक मारून मागणं मागायला लागतो. वाक्य संपलं की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’. पुढचं वाक्य, पुन्हा ‘व्हय म्हाराजा’. गाऱ्हाण्याला चाल नसते, पण लय पक्की असते. सांगणारा श्वास घेतो तेवढ्या जागेत जमाव आपला होकार बसवतो. सांगणाऱ्याचा सूर चढत जातो, वाक्यं लांबत जातात, होकार मात्र तेवढाच. मला हे संगीतच वाटतं. कोणी सांगणाऱ्याचा एकट्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून आणला आणि मागचा होकार गाळला, तर उरतं ते नुसतं भाषण.

डबलबारीही याच मुशीतली. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. पहिले बुवा गणेशस्तवन, रूपाचा अभंग, गजर, गवळण असं करत जातात आणि मध्येच समोरच्या बुवांसाठी एखादा प्रश्न सोडून देतात. पुराणातला असेल, संतांच्या अभंगातला असेल, कधी गावगाड्यातला चिमटाही असेल. दुसऱ्या बुवांची बारी आली की त्यांनी गाण्यातच उत्तर द्यायचं आणि वर आपला प्रश्न टाकायचा. गजराला सिनेमातली चाल लावली तरी चालते, पण उत्तर चुकलेलं चालत नाही. लोक रात्रभर बसतात ते निम्मे गाण्यासाठी आणि निम्मे जबाबासाठी. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की डबलबारीची पत्रकं नाक्यानाक्यावर लागतात आणि कोणाचे बुवा वरचढ यावर चहाच्या टपरीवर आठवडाभर खल चालतो. गौरीच्या रात्री बायका फुगडीला उभ्या राहतात, तिथेही दोन रांगा असतात. एका रांगेनं म्हणायचं, दुसरीनं झेलायचं. सासर-माहेराच्या, नवऱ्याच्या, महागाईच्या, नुकत्याच झालेल्या निवडणुकीच्याही गोष्टी त्यात येतात. लिहून कोणी ठेवत नाही. पुढच्या वर्षी नव्या फुगड्या रचल्या जातात.

दशावतारात तर हे टोकाला जातं. आख्यान ठरलेलं असतं, पात्रं ठरलेली असतात, पण पारंपरिक दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कोणी काय बोलायचं ते तिथेच, बाकावर बसल्या बसल्या ठरतं. देव आणि असुर वाद घालतात तेव्हा दोघा नटांची खरोखरीचीच परीक्षा असते. एकानं शास्त्रातला दाखला दिला की दुसऱ्यानं तो पेलायचा असतो. पेटीवाल्याला आणि पखवाजवाल्याला पुढचं वाक्य माहीत नसतं. नटाच्या आवाजाच्या चढावरून ते ओळखतात की आता पद येणार, आता युद्ध जुंपणार. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर येतो, तो तर थेट मालवणीत बोलतो आणि पुढ्यात बसलेल्यांची नावं घेऊन त्यांना छेडतो. पुढ्यातला माणूस उठून उत्तर देतो, आणि ते उत्तर कधीकधी संकासुराच्या बोलण्यापेक्षा सरस निघतं. पहाटे दहीहंडी फुटते, काला वाटला जातो, म्हणून हा धयकालो. एका रात्रीत बोललं गेलेलं सगळं त्या काल्याबरोबर संपतं. बाबी नालंगांसारख्या नटाची नुसती चाल आणि बोलण्याची ढब आठवून माणसं आजही डोळे मिटतात. पण कुठल्या जत्रेत कुठल्या आख्यानात ते काय बोलले, हे ज्यांनी ऐकलं त्यांच्याजवळच राहिलं.

आता रेडिओ. या जिल्ह्याच्या डोंगरात एक रेडिओ केंद्र होऊन गेलं, आणि त्याची गोष्ट सिंधुदुर्गातल्या शाळकरी मुलांनासुद्धा पाठ असायला हवी होती असं मला कळकळीनं वाटतं.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. बांद्याच्या पुढच्या पत्रादेवीलाही माणसं पडली. त्यानंतर सीमा बंद झाली. गोव्यात वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, सभा घेता येत नव्हत्या, आणि पणजीचं एमिसोरा दि गोवा हे सरकारी रेडिओ केंद्र राज्यकर्त्यांच्या सोयीचं तेवढंच सांगत होतं. अशा वेळी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे दोघे तरुण आंबोलीच्या जंगलात गेले. दादरा नगर हवेलीच्या मुक्तीत पोर्तुगीजांकडून हाती लागलेले वायरलेस संच दुरुस्त करून, ट्रकवर बसवून त्यांचा ट्रान्समीटर केलेला होता. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी त्यावरून प्रक्षेपण सुरू झालं. नाव होतं ‘सोडवणेचो आवाज’, पोर्तुगीज भाषेत ‘व्हॉज द लिबर्दाद’. बातम्या कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. (२५ नोव्हेंबर १६६४ हीच सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीची तारीख सांगितली जाते. योगायोग असेल, पण आमच्याकडचा माणूस असा योगायोग सोडत नाही.)

आंबोली आज आपल्याला धबधब्यासाठी ठाऊक आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा तो घाट. पावसाळ्यात तिथे दोन दिवस राहून पाहा. कपडे वाळत नाहीत, आगकाडी पेटत नाही, कागद ओल्या पोळीसारखा हाताला येतो. अशा हवेत यंत्र कोरडं ठेवायचं, जळवा झटकायच्या, वेगवेगळी रेडिओ केंद्रं ऐकून बातम्या टिपायच्या, त्या दोन भाषांत लिहायच्या आणि ठरल्या वेळी नेमक्या वाचायच्या. पोर्तुगीजांनी लहरी दाबायचा प्रयत्न केला. पुढे केंद्र कॅसल रॉकच्या बाजूला हललं, पण बंद पडलं नाही. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनं शरण यावं हा निरोपसुद्धा याच लहरींवरून गेला. १८ डिसेंबरला भारतीय हवाई दलानं पोर्तुगीजांचं बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. १९ तारखेला लिबिया आणि वामन विमानात बसले. विमानाला ध्वनिक्षेपक लावलेला होता आणि त्यावरून गोवा मुक्त झाल्याची बातमी कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये गोव्याच्या डोक्यावरून फिरली. सहा वर्षं ज्यांचा नुसता आवाज घराघरात पोचला, ती माणसं त्या दिवशी आकाशातून बोलत होती. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत.

या केंद्रावर लोकसंगीताचे कार्यक्रम होत असत असा माझा दावा नाही. ते युद्धाचंच एक हत्यार होतं. पण दोन गोष्टी त्यातून मला दिसतात. ज्यांना ऐकवायचं त्यांच्या घरातल्या भाषेत ते बोललं, आणि एका ट्रकवर मावेल एवढ्या यंत्रावर ते चाललं.

पुढची तीस-पस्तीस वर्षं मात्र लहरी सरकारच्याच होत्या. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पीठानं, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात, रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, पण त्याचा उजेड दूरवर पडला. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांना कम्युनिटी रेडिओ चालवायची मुभा मिळाली. आज देशात अशी पाचशेच्या वर केंद्रं आहेत.

नियम वाचले तर ते कोकणातल्या वाडीसाठीच केल्यासारखे वाटतात. ट्रान्समीटर पन्नास वॉटचा. घरातला साधा छताचा पंखाही याहून जास्त वॉटचा असतो. मनोरा तीस मीटरपर्यंत, म्हणजे उंच माडाच्या शेंड्याहून थोडा वर. आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांनी, तिथल्याच बोलीत केलेले हवेत. राजकीय प्रचार चालत नाही. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. पण हवामान, रस्ते, पाणी-वीज, जत्रा-उत्सव, परीक्षा, रोजगार हे सगळं सांगता येतं. बातम्यांची ही मनाई मला मान्य नाही. गावातल्या माणसाला गावातली बातमी सांगायला कसली भीती, हे सरकारनं एकदा उलगडून सांगावं. मात्र तेवढ्यासाठी हात बांधून बसायचीही गरज नाही. आंगणेवाडीचंच घ्या.

मसुऱ्याच्या आंगणेवाडीतल्या भराडी देवीच्या जत्रेला लाखांनी माणूस लोटतो. पण ही जत्रा तिथीला बांधलेली नाही. कौल घेऊन, देवीच्या हुकुमानं दरवर्षी तारीख ठरते. तोवर ना गावातल्यांना ठाऊक, ना मुंबईकरांना. तारीख फुटली की रेल्वेच्या तिकिटांवर झुंबड उडते, गिरगाव-लालबागपासून डोंबिवलीपर्यंत फोन खणखणतात. एका तारखेवर एवढ्या माणसांचा जीव टांगलेला असतो, आणि ती तारीख सांगायला कोणत्याही परवान्याची आडकाठी नाही. जत्रेच्या दिवशी कुठला रस्ता बंद, पाणी कुठे, हरवलेलं पोर कुठल्या तंबूत आहे, हे सगळं पन्नास वॉटमध्ये बसतं.

मालवणात असं केंद्र काढलं तर आवाज पोचेल कुठवर, हा प्रश्न आमच्या भूगोलात नाजूक आहे. एफएमची लहर सरळ जाते, डोंगर आडवा आला की थांबते. आमच्याकडे दर चार मैलांवर एक घाटी आणि खाली खाडी. मनोरा जांभ्याच्या सड्यावर उभारला तर मालवण, तारकर्ली, देवबाग सहज येतील. मसुऱ्याला लहर पोचेल न पोचेल. कुडाळ सुटेल. पण एका बाजूला आडवं काहीच नाही, ती बाजू समुद्राची. रापण ओढणारा, गिलनेटवर गेलेला, किनाऱ्याजवळ मासेमारी करणारा माणूस या केंद्राचा सगळ्यात चांगला श्रोता असेल. तमिळनाडूत रामेश्वरम ज्यावर आहे त्या पांबन बेटावर २०१६ पासून ‘कडल ओसै’ नावाचं केंद्र चालतं, खास मच्छीमारांसाठी. त्या नावाचा अर्थच समुद्राचा आवाज. वारा, लाटा, माशांचे भाव, आणि मध्ये मध्ये त्यांचीच गाणी.

नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळाच्या आठवणी या किनाऱ्यावर अजून ओल्या आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा माड, आंबे, विजेचे खांब कोसळले. गावं कित्येक दिवस अंधारात होती आणि मोबाइल बंद पडले होते. पलीकडच्या वाडीत कोण कसं आहे हे कळायला माणूस चालत जायचा. पन्नास वॉटचा ट्रान्समीटर गाडीच्या बॅटरीच्या जोडीवर काही तास चालू शकतो, सौरपट्टी असली तर रोज चालेल. ऐकायला दोन सेलचा रेडिओ पुरतो. नव्या मोबाइलमध्ये एफएमची सोय पुष्कळदा नसते ही अडचण आहे, म्हणून आमच्या घरातला तो जुना ट्रान्झिस्टर मी मोडीत काढू दिलेला नाही.

तरी मला या सगळ्यात लोकसंगीताची बाजू अधिक महत्त्वाची वाटते, कारण वादळाची आठवण वादळाबरोबर येते आणि जाते, गाणं रोजचं आहे. साताऱ्याच्या माणदेशात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालू आहे. तिथे केराबाई सरगर यांनी शाळेचं तोंड न पाहता रेडिओवर गाणी रचली आणि म्हटली. मेंढरं, दुष्काळ, छावणी, लेक शिकवणं, जे समोर आलं ते त्यांच्या ओवीत उतरलं. २००८ सालीच आजच्या तेलंगणात जहीराबादजवळ माचनूरला दलित शेतकरी बायकांनी संघम रेडिओ सुरू केला. दोन्हीकडे गाणारी आणि ऐकणारी एकाच पाणवठ्यावर भेटणारी माणसं. बाईनं सकाळी गायलेलं दुपारी शेजारीण विचारते, पुढचं कडवं कुठे गेलं म्हणून. मालवणच्या फुगडीला हीच हवा लागते.

लोक विचारतात की यूट्यूबवर सगळं असताना रेडिओ कशाला. प्रश्न बरोबर आहे. करोनाच्या काळात दशावतारी मंडळांचे दोन हंगाम बुडाले. पेटारे बंद राहिले, नटांनी काजूच्या बागेत आणि मिळेल तिथे मजुरी केली. तेव्हा मोबाइलवरच्या प्रयोगांनी थोडाफार धीर दिला. आजही ट्रिकसीनवाले दशावतार मोबाइलवर धो धो पाहिले जातात आणि दुबईतला मालवणी माणूस रात्री ते लावून जेवतो. मला त्याचा आनंद आहे. पण पडद्यावर दशावतार पाहताना मी डोळ्यांनीच पाहत राहतो. मुकुट, धूर, दिव्यांची उघडझाप. कान मागे पडतो. जुन्या नटांचं सगळं सामर्थ्य बोलण्यात होतं. एका बाकावर त्यांनी कैलास उभा केला तो शब्दांनी आणि पखवाजानं. नुसता आवाज पाठवला तर तो कैलास ऐकणाऱ्याला स्वतःच उभारावा लागतो. या अर्थी धयकालो हा आधीपासूनच रेडिओ आहे.

पिंगुळीला गेल्यावर मला उलट शंका आली. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजानं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीबाहुल्या सांभाळल्या. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी म्हणजे हातात चित्र धरून गाऊन सांगितलेली कथा. एक चित्र संपलं की ते मागे जातं, पुढचं वर येतं. वीणा, टाळ, हुडूक चालू असतात. रेडिओवर चित्रच नाही, मग काय उरेल? पण चित्र बदलतं त्या क्षणी गाणाऱ्याचा आवाज कसा किंचित थांबून वळतो हे लक्ष देऊन ऐकलं, तर कागद पलटल्याचा नाद येतो. चित्र न दिसता चित्र बदललेलं कळतं. तो कागदाचा आवाज गाळू नये एवढीच ध्वनिमुद्रण करणाऱ्याला माझी विनंती राहील.

आणि मानधनाचं काय? जत्रेत नटाला दाद मिळते, पदाला खूश होऊन नोट लावली जाते. तीच गोष्ट ध्वनिमुद्रित झाली की कोणाची? एकदा टेप दिली आणि ती कुठे कुठे वाजली, गाणाऱ्याला पत्ताच नाही, असं होता कामा नये. केंद्र निघालंच तर पहिल्या दिवसापासून साध्या मालवणीत लिहिलेला करार हवा, त्याची एक प्रत बुवांच्या घरी हवी आणि ठरलेले पैसे जागेवर मिळायला हवेत. कम्युनिटी रेडिओला तासाला ठरावीक मिनिटं जाहिरात घेता येते, काजू-कोकम-आंबेवाले आमच्याकडे कमी नाहीत. लोककला फुकटात टिकते हा समज शहरात बसून होतो.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीनं लिहितो त्यामागे एक कॅसेट आहे. माझी आत्या फुगड्यांची नावाजलेली म्हणणारी. तिला शंभराच्या वर फुगड्या येत होत्या आणि प्रत्येकीचा ठेका निराळा. एका गौरीला मी मुंबईहून टेपरेकॉर्डर घेऊन आलो आणि खळ्यात पाट टाकून तिला बसवलं. ती गाईना. समोर झेलायला कोणी नाही तर म्हणू कोणासाठी, असं तिचं म्हणणं पडलं. मग शेजारच्या दोघी आल्या, पदर खोचून उभ्या राहिल्या आणि एक तास टेप फिरली. कॅसेट मी कपाटात वरच्या खणात जपून ठेवली. आमच्याकडचा पाऊस वरचा खण आणि खालचा खण असा भेद करत नाही. तीन पावसाळ्यांनी काढून पाहिली तर फितीवर पांढरी बुरशी. कापसानं पुसली, उन्हात धरली, वाजवली. सुरुवातीच्या दोन फुगड्या आल्या, नंतर नुसती खरखर आणि तिच्यात कुठेतरी पायांचा ठेका. आत्या तोवर गेलेली होती.

त्यानंतर मी किती घरांत अशा कॅसेटा पाहिल्या म्हणून सांगू. बुवांच्या डबलबारीच्या, जुन्या दशावताराच्या, कोणाच्या आजोबांच्या गाऱ्हाण्याच्या. बिस्किटांच्या डब्यात, देवघराच्या मागे, माळ्यावर. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या लाखाच्या संख्येनं गोळा केल्या, म्हणून आज त्यांतल्या कितीतरी कोणालाही ऐकता येतात. आमच्या किनाऱ्याचं ते काम बिस्किटांच्या डब्यांत पडून आहे. रेडिओ केंद्राला लागणाऱ्या खोलीत एक कोरडं कपाट असलं तरी त्यातलं पुष्कळ वाचेल.

तुळशीचं लग्न झालं की पेटारे बाहेर निघतील. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या जत्रांच्या तारखा मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवल्या आहेत, कुठल्या देवळात कुठल्या मंडळाचा मान तेही बाजूला. यंदा छोटा रेकॉर्डर घेतला आहे, मुठीत मावतो. पखवाजापासून चार हात लांब, म्हाताऱ्यांच्या रांगेत बसायचं ठरवलंय. कणीक चढायला लागली की बटण दाबायचं, गणपती येईपर्यंत वाट पाहायची नाही. आणि पावसाळ्यात तो तांदळाच्या डब्यात ठेवायचा.